‘बसतंय की!’ एवढ्यावर मदरबोर्ड घेऊ नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. त्याच सुमाराला रॅमचे भाव चढायला लागले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआयच्या सर्व्हरकडं वळवलं. डिसेंबरात मायक्रॉननं तर ‘क्रुशल’ या नावानं सामान्य ग्राहकाला रॅम आणि एसएसडी विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुना कॉम्प्युटर नव्या विंडोजला चालत नाही आणि नवा घ्यायचा तर रॅमचाच खर्च अंगावर येतो. मग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नाहीतर शाहूपुरीतल्या दुकानात माणूस विचारतो, “आहे त्याच बोर्डावर नुसता प्रोसेसर बदलून भागतंय का?”

याचं उत्तर एकाला ‘हो’ मिळतं, दुसऱ्याला ‘नाही’. २०१७ साली असेंबल केलेले दोन कॉम्प्युटर घ्या. एकात इंटेलचा आय५-७४०० आणि बी२५० बोर्ड, दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ १६०० आणि बी३५० बोर्ड. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत यातला एकही प्रोसेसर नाही. ती यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझनच्या २००० मालिकेपासून सुरू होते. पण दुसऱ्या माणसाच्या बोर्ड कंपनीनं नवं बायोस (बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्राम) काढलं असेल, तर त्याला त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवता येतो. रॅम तीच, कॅबिनेट तेच, आणि विंडोज ११ ची अटही पूर्ण. पहिल्याच्या बोर्डावर सातव्या पिढीच्या पुढचं काहीच चालत नाही. त्याला बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही नवे घ्यावे लागतात, आणि नवा बोर्ड डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचा निघाला तर रॅमसुद्धा, कारण जुनी डीडीआर४ त्यात बसत नाही.

खरेदीच्या दिवशी दोघांनीही काउंटरवर विचारलं असणार, “पुढं अपग्रेड होईल ना?” आणि दोघांनाही तेच उत्तर मिळालं असणार, “बसतंय की, घ्या बिनधास्त!” त्या ‘बसतंय’च्या पलीकडं काय काय तपासायचं असतं, ते आता बघू.

## बोर्ड, सॉकेट, बायोस: कोण काय करतं

प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप. मदरबोर्ड ही ती पाटी, जिच्यावर प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड सगळे एकमेकांशी जोडले जातात. प्रोसेसर जिथं बसतो त्या चौकोनी जागेला सॉकेट म्हणतात. सॉकेटच्या आजूबाजूला, बहुतेक वेळा धातूच्या झाकणाखाली, व्हीआरएम नावाची मंडळी असतात. पॉवर सप्लायकडून येणारी १२ व्होल्टची वीज प्रोसेसरला चालेल इतक्या कमी व्होल्टेजवर आणून देणं हे त्यांचं काम. बायोस हा बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तोच जागा होतो आणि समोरचा प्रोसेसर ओळखतो, किंवा ओळखत नाही.

पंचगंगेच्या काठावर पाच एचपीची मोटर आहे आणि तिथं दहा एचपीची बसवायची आहे असं समजा. आधी फाउंडेशनचे बोल्ट जुळले पाहिजेत. मग केबल आणि स्टार्टरला तो भार सोसला पाहिजे. आणि महावितरणकडं तेवढा भार मंजूर असला पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी मोटर चालत नाही, नाहीतर चार दिवस चालून जळते. सॉकेट म्हणजे बोल्ट, व्हीआरएम म्हणजे केबल-स्टार्टर, आणि बायोस म्हणजे मंजुरीचा कागद. दुकानातलं ‘बसतंय की’ हे फक्त बोल्टाबद्दल असतं.

## अपग्रेड दोन दिशांना होतं

बोर्ड निवडताना सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून जरा थांबून बघू.

एक अपग्रेड ‘पुढं’ होतं. आज या वर्षीचा प्रोसेसर घेतला, तीन-चार वर्षांनी नवी पिढी आली, ती त्याच बोर्डावर बसवली. दुसरं अपग्रेड ‘वर’ होतं. आज त्या पिढीतला स्वस्तातला चार कोअरचा प्रोसेसर घेतला, काम वाढल्यावर त्याच सॉकेटचा वीस कोअरचा बसवला. (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग.) लोक अपग्रेड म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुधा पहिलंच असतं. त्यामुळं ‘या सॉकेटवर आता नवं काही येणार नाही’ असं ऐकलं की तो बोर्ड टाकाऊ वाटतो. प्रत्यक्षात वर जायची जागा भरपूर शिल्लक असू शकते.

कुठली दिशा हवी हे कामावरून ठरतं. उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत सुट्या भागांची थ्रीडी मॉडेलं करणारा डिझायनर बघा. असल्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बदलल्यावर ते पुन्हा उभं करायचं काम बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. त्याला सहाचे सोळा कोअर करून दिले तरी रोजच्या मॉडेलिंगमध्ये फारसा फरक जाणवणार नाही. नव्या पिढीचा, एकेक कोअर चपळ असलेला प्रोसेसर मात्र लगेच जाणवेल. त्याला पुढं जायची मुभा हवी. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओचं उलट आहे. एक्स्पोर्टला लावलेला व्हिडिओ मिळतील तेवढे कोअर वापरतो, रेंडरिंगही तसंच. तिथं त्याच पिढीतला दणकट प्रोसेसर सीझनच्या तोंडावर बसवला तरी पैसे वसूल होतात. त्याला वर जायची मुभा पुरते.

आणि टॅली, जीएसटीचे रिटर्न, मराठी टायपिंग, प्रिंटआउट एवढंच काम असलेल्या ऑफिसला यातली कुठलीच मुभा विकत घ्यायची गरज नाही. तिथं प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. स्वस्तातला पण नव्या पिढीचा बोर्ड, एसएसडी आणि चांगला यूपीएस घ्या आणि हा लेख इथंच सोडा.

## सॉकेट किती वर्षं टिकतो?

इथं दोन कंपन्यांच्या चाली वेगळ्या आहेत. एएमडीनं एएम४ हा सॉकेट २०१६ मध्ये आणला, २०१७ च्या मार्चपासून त्यावर रायझन आले, आणि १०००, २०००, ३०००, ५००० अशा मालिका त्याच सॉकेटवर येत राहिल्या. एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा खास गेमिंगचा प्रोसेसर पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डांवर चालतो, असं उदाहरण घरगुती कॉम्प्युटरच्या धंद्यात सहसा सापडत नाही.

पण हे सगळं सरळ झालं असं नाही. मे २०२० मध्ये एएमडीनं सांगितलं होतं की ५००० मालिका ४०० क्रमांकाच्या (बी४५० वगैरे) बोर्डांवर चालणार नाही. ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीनं माघार घेतली. त्याहून जुन्या ३०० क्रमांकाच्या (बी३५० वगैरे) बोर्डांना ही मंजुरी मिळायला २०२२ उजाडलं. तेव्हा ‘कंपनीनं शब्द दिलाय’ यावर शंभर टक्के विसंबू नये, पण शब्द न देणाऱ्यापेक्षा देणारा बरा.

इंटेलचा रिवाज साधारण दोन पिढ्यांनी सॉकेट बदलण्याचा. एलजीए १२०० या सॉकेटवर दहावी आणि अकरावी पिढी आली. २०२१ च्या शेवटी आलेल्या एलजीए १७०० वर मात्र बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ आला. सॉकेटच्या नावातला आकडा म्हणजे संपर्काच्या पिनांची संख्या.

पिना तेवढ्याच म्हणजे सॉकेट तोच, असंही समजू नका. २०१५ च्या एलजीए ११५१ वर सहावी-सातवी पिढी चालायची. २०१७ मधली आठवी पिढीही ११५१ पिनांचीच, जुन्या बोर्डात ती व्यवस्थित बसतेसुद्धा. पण इंटेलनं तिच्यासाठी ३०० मालिकेचे नवे बोर्ड बंधनकारक केले. वरच्या उदाहरणातला बी२५० वाला इथंच अडकला. एलजीए १२०० ला दुसरा सापळा आहे. एच५१० आणि बी५६० बोर्डांवर दहावी, अकरावी दोन्ही पिढ्या चालतात. एच४१० आणि बी४६० वर अकरावी चालत नाही. सेकंडहँड बाजारात असे बोर्ड अजून फिरतायत. ‘एलजीए १२०० आहे ना, मग झालं’ असं म्हणून अकरावी पिढी घेऊन आलेला माणूस काळ्या स्क्रीनकडं बघत बसतो.

## मग आज कुठला सॉकेट?

एएमडीचा एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्यावर ७०००, ८०००जी आणि ९००० या मालिका आल्यात, आणि २०२४ मध्ये कंपनीनं हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही चालवणार असल्याचं सांगितलं. पुढं जायची मुभा पाहिजे असेल तर आज त्याला तोड नाही. रायझन ५ ७६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर घेऊन सुरुवात करता येते आणि वर सोळा कोअरच्या रायझन ९ ९९५०एक्स पर्यंत जागा आहे. अडचण एकच: एएम५ ला फक्त डीडीआर५ रॅम चालते, आणि तिचे भाव पेटलेत.

इंटेलच्या एलजीए १८५१ लाही डीडीआर५ च लागते. तो घ्यायचा तर आज मिळतोय त्या प्रोसेसरवर समाधान मानून घ्यावा. इंटेलचा आजवरचा रिवाज बघता त्यावर पुढच्या दोन-तीन पिढ्यांचं गणित मांडण्यात अर्थ नाही.

आता ज्याला सगळे ‘संपलेला’ म्हणतात तो एलजीए १७००. यावर नवी पिढी येणार नाही हे खरं. पण याच सॉकेटवर दोन कोअरच्या सेलेरॉनपासून चोवीस कोअरच्या आय९-१४९००के पर्यंत पल्ला आहे, आणि याचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले. तुमच्या जुन्या मशीनमध्ये ३२ जीबी डीडीआर४ रॅम चांगली चालू असेल, तर डीडीआर४ चा बी७६० बोर्ड आणि आय५-१२४०० घेऊन आज काम सुरू करता येतं. दोन वर्षांनी वीस कोअरचा आय७-१४७०० बसवता येतो. रॅमच्या आजच्या भावात स्टुडिओवाल्याला मी हाच रस्ता सांगेन, पुढं वाट बंद आहे हे माहीत असूनही.

एएम४ चंही तसंच. नवा घ्यायला मी सुचवणार नाही, पण ज्याच्याकडं बोर्ड आणि डीडीआर४ रॅम आधीच आहे त्यानं तो मोडीत काढण्याआधी रायझन ५००० चा विचार करावा.

डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या स्टिक दिसायला सारख्या असतात, दोन्हींना २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. बोर्डाच्या नावात ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ लिहिलेलं आहे का, हे बिल करण्याआधी बघून घ्या; एकाच मॉडेलचे दोन अवतार शेजारी-शेजारी ठेवलेले असतात.

## “महागडा बोर्ड घेतला की चिंता मिटली” हे खरं का?

नाही. बोर्डाच्या नावातलं पहिलं अक्षर आणि आकडा, म्हणजे एच६१०, बी७६०, झेड७९०, ए६२०, बी६५०, एक्स८७०, हे चिपसेटचं नाव. चिपसेट म्हणजे बोर्डावरची मदतनीस चिप. किती यूएसबी, किती एसएसडी, प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येईल का, हे ती ठरवते. एएमडीत ए खालचा, बी मधला, एक्स वरचा. इंटेलमध्ये एच, बी आणि झेड. एलजीए ११५१, १२०० सारखे अपवाद सोडले तर प्रोसेसर चालेल की नाही हे चिपसेटवर ठरत नाही. झेड७९० घेतला म्हणून पंधराव्या पिढीची दारं उघडत नाहीत. रंगीत दिवे, वायफाय ७, सोन्याचा मुलामा दिलेला ऑडिओ जॅक यांचा अपग्रेडशी काडीचा संबंध नाही, आणि जास्तीचे पैसे बरेचदा त्यांनाच जातात.

फरक पडतो तो व्हीआरएमनं. आकडे बघा. आय३-१२१०० जोरात चालला की इंटेलच्या आकड्यानुसार जास्तीत जास्त ८९ वॅट खातो, आय९-१४९००के २५३ वॅट. सॉकेट एकच, वीज जवळजवळ तिप्पट. एएम५ वर रायझन ५ ७६०० ची मर्यादा ८८ वॅट, तर रायझन ९ ७९५०एक्स ची २३०. सगळ्यात स्वस्त एच६१० किंवा ए६२० बोर्डाचं व्हीआरएम बहुधा छोट्या प्रोसेसरच्या हिशेबानं बनवलेलं असतं. त्यावर मोठा प्रोसेसर बसतो, चालूही होतो. मग व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की दहा-पंधरा मिनिटांत व्हीआरएम तापतं, बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि ज्या कामासाठी पैसे घातले तेच काम रखडतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या ऑफिसात हा प्रकार लवकर दिसतो.

काउंटरवर उभं राहून व्हीआरएम कसं ओळखायचं? खोक्यावर सरळ लिहिलेलं नसतं. सॉकेटच्या डावीकडं आणि वरच्या बाजूला धातूचं जाड झाकण (हीटसिंक) आहे का ते बघा. नुसत्या उघड्या काळ्या चौकोनी चिपा दिसल्या तर तो बोर्ड वरच्या प्रोसेसरसाठी नाही. प्रोसेसरची वीज देणारा बोर्डाच्या कोपऱ्यातला कनेक्टर चार पिनांचा असेल तर तो मोठ्या प्रोसेसरसाठी घेऊच नका, निदान आठ पिनांचा हवा. यापुढची खात्री त्याच मॉडेलच्या चाचण्या बघूनच होते. यूट्यूबवर बोर्डाचं नाव आणि ‘व्हीआरएम’ एवढं टाकलं तरी पुरतं.

बहुतेकांसाठी उत्तर मधल्या वर्गात आहे: बी६५०, बी८५०, बी७६०, त्यातही हीटसिंक असलेला. एच६१० आणि बी७६० मधला फरक वाचवून आज वरचा प्रोसेसर घ्यायचा मोह होतो. प्रोसेसर नंतर बदलता येतो, बोर्ड बदलायचा म्हणजे सगळं खोलणं. म्हणून ज्याला पुढं अपग्रेड करायचंय त्यानं आज प्रोसेसरमध्ये एक पायरी खाली उतरावं आणि बोर्डात एक पायरी वर चढावं.

## बायोस: मंजुरीचा कागद

प्रत्येक बोर्ड कंपनी आपल्या वेबसाइटवर मॉडेलच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट’ नावाची यादी ठेवते. त्यात प्रोसेसरचं नाव आणि तो कुठल्या बायोस आवृत्तीपासून चालतो हे लिहिलेलं असतं. दुकानदाराच्या, यूट्यूबवाल्याच्या आणि माझ्याही सांगण्यापेक्षा ही यादी खरी. मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. काही कंपन्यांच्या बोर्डावर कोपऱ्यात ‘रिव्ह १.०’, ‘रिव्ह १.२’ असं बारीक छापलेलं असतं. मॉडेल एक, पण प्रत्येक रिव्हिजनची यादी आणि बायोस वेगळं.

नवा प्रोसेसर आणि जुनं बायोस असेल तर मशीन चालूच होत नाही, आणि बायोस अपडेट करायला आधी मशीन चालू व्हायला हवं. हा तिढा सोडवायला बऱ्याच बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकची सोय असते (कंपनीगणिक नाव बदलतं). प्रोसेसर नसतानाही, पेनड्राइव्हवर फाइल टाकून मागचं एक बटण दाबलं की बायोस अपडेट होतं. अपग्रेडचा विचार असणाऱ्यानं झगमगाटापेक्षा या बटणाला पैसे द्यावेत. कोल्हापुरात प्रत्येक सॉकेटचा जुना प्रोसेसर हाताशी ठेवणारं दुकान लगेच सापडेलच असं नाही, आणि पुण्याहून ऑनलाइन मागवलेला बोर्ड किती महिने गोदामात पडून होता हे खोक्यावरून कळत नाही.

बायोस अपडेट सुरू असताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात हे काम यूपीएसशिवाय करू नका. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा.

एक जुना धडा इथं सांगण्यासारखा आहे. एएम४ च्या बऱ्याच सुरुवातीच्या बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची होती. इतक्या पिढ्यांची माहिती तिच्यात मावेना, तेव्हा काही कंपन्यांनी बायोसचे देखणे मेनू काढून साधे केले, तर काहींनी नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरची ओळखच वगळली. त्यामुळं नवं बायोस टाकल्यावर जुना प्रोसेसर परत बसवला तर चालेलच असं नाही. अपडेटआधी त्या आवृत्तीखाली लिहिलेली टीप वाचा.

## “पाच वर्षांनी सगळंच नवं घेईन की!”

हा आक्षेप रास्त आहे, आणि बऱ्याच लोकांच्या बाबतीत तसंच होतं. एकदा बसवलेला प्रोसेसर आयुष्यभर न बदलणारे खूप असतात. तुम्ही त्यातले असाल तर अपग्रेडच्या नावाखाली महाग बोर्ड घेऊ नका. ते पैसे आजच्या प्रोसेसरमध्ये घाला.

आणखी एक गोष्ट तपासा. मशीन संथ आहे म्हणजे दोष प्रोसेसरचाच असं नाही. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर ३० च्या आसपास असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल तर जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाका. प्रोसेसर सतत ९०-१०० वर असेल तरच या लेखाचा उपयोग. एकाच कोअरवरच्या कामात हा एकूण आकडा कमी दिसतो, म्हणून डिझायनरनं आलेखावर राइट क्लिक करून एकेका प्रोसेसरचा वेगळा आलेख बघावा.

व्हिडिओवाल्यांसाठी एक पोटमुद्दा. हल्लीचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ हा रंगांची जास्त माहिती ठेवणारा प्रकार वापरतात. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला अशी एचईव्हीसी (व्हिडिओ आवळून साठवायची एक पद्धत) फाइल सहज उलगडता येते. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्सच नसतं. चार पैसे वाचतात म्हणून आय५-१२४००एफ घ्यायचा आणि मग टाइमलाइन अडखळते म्हणून प्रोसेसर बदलायला निघायचं, हे टाळा.

## वापरलेला प्रोसेसर घ्यावा का?

‘वर’ जायचं अपग्रेड बहुधा दोन-तीन वर्षांनी होतं, तेव्हा नवा तुकडा मिळत नाही किंवा उगाच महाग असतो. वापरलेला घ्यायला हरकत नाही. कॉम्प्युटरच्या भागांत प्रोसेसर सगळ्यात कमी बिघडतो. एएम४ च्या प्रोसेसरला पिना खालून असतात, त्या वाकलेल्या नाहीत ना ते उजेडात धरून बघा. एलजीए प्रकारात आणि एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, तिथं तपासायचा तो बोर्ड.

अपवाद इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरचा. जास्त व्होल्टेजमुळं त्यातले काही कालांतरानं अस्थिर व्हायला लागले. इंटेलनं २०२४ मध्ये बायोसमार्गे दुरुस्ती दिली आणि संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती पुढचं नुकसान थांबवते, झालेलं भरून काढत नाही. म्हणून असा वापरलेला प्रोसेसर बिलाशिवाय घेऊ नये, आणि बसवण्याआधी बोर्डाचं बायोस ताजं करावं. आय७-१४७०० नवा घेतला तरी बायोसची ही अट लागू आहेच.

## ब्रँडेड पीसी आणि लॅपटॉप

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डाला डाग देऊन बसवलेला असतो, विषय संपला. ऑफिसातून लिलावात निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप दिसायला स्वस्त वाटतात, पण त्यांचा बोर्ड, पॉवर सप्लाय आणि कधी कधी कनेक्टरही त्या कंपनीचेच असतात, आणि बायोसमध्ये त्या मॉडेलबरोबर विकलेल्या प्रोसेसरांपलीकडं सहसा मंजुरी नसते. त्यांच्यात ‘वर’ जाता येतं, तेही थोडंच.

## बदलायच्या दिवशी

नवा प्रोसेसर जास्त वीज खाणार असेल तर कूलर आणि पॉवर सप्लायसुद्धा तपासा. ६५ वॅटच्या प्रोसेसरबरोबर मिळालेला छोटा पंखा आय७ ला पुरत नाही. एएम४ चे बरेच कूलर एएम५ वर बसतात, एलजीए १७०० चे १८५१ वर बसतात, पण १२०० चा कूलर १७०० वर लावायला वेगळं ब्रॅकेट लागतं.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं असेल तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असू शकते. बायोस अपडेट किंवा प्रोसेसर बदलल्यावर मशीन ४८ आकड्यांची बिटलॉकर रिकव्हरी की मागतं, कारण कुलुपाची किल्ली सांभाळणारा टीपीएम बहुधा प्रोसेसरच्या आतच असतो. रायझन बदलल्यावर तर बायोसच विचारतं की जुना एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) पुसू का. ती की आधीच अकाउंटवरून काढून कागदावर लिहून ठेवा, किंवा कामापुरतं एन्क्रिप्शन थांबवा. ऑफिसचा सगळा डेटा या एका पायरीवर अडकू शकतो.

नुसता प्रोसेसर बदलल्यानं विंडोजचं लायसन्स सहसा जात नाही. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं, म्हणून बोर्ड बदलला तर ते नव्यानं घ्यावं लागू शकतं. खर्चाची तुलना करताना हा आकडा लोक धरत नाहीत.

आणि नव्या बोर्डाच्या सॉकेटवर जी काळी प्लास्टिकची टोपी असते ती फेकू नका. वॉरंटीत बोर्ड परत पाठवताना सर्व्हिस सेंटर ती मागतं, आणि जुना बोर्ड विकायला काढाल तेव्हा उघड्या पिनांवर तेवढंच एक संरक्षण असतं.